जेद्द्याला राहिलेला नांगर

माझा साबण समुद्रात जातो आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले. सुट्टीहून येताना मी चंदनाचा साबण आणत असे. जेद्द्यात शरफिया भागातल्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि तांडेल. तांडेल स्वतःच्या अंगाला काय लावत हा संशोधनाचा विषय होता, पण माझी वडी मात्र भराभर संपायची. तीही झिजून नव्हे, मधूनच खरवडल्यासारखी. शेवटी एकदा कामाच्या बोटीवर मला उलगडा झाला. तांडेल डेकवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात लांब दोरीला बांधलेलं शिशाचं वजन. त्याच्या बुडाला वाटीसारखा खळगा, आणि त्या खळग्यात ते माझा साबण अंगठ्याने दाबून दाबून भरत होते. भरून झाल्यावर त्यांनी शिसं पाण्यात सोडलं, तळाला टेकवलं आणि वर ओढलं. साबणाला तळाची वाळू चिकटून आली होती. ती त्यांनी हुंगली, चिमूटभर जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"तांडेल, हा माझा साबण आहे," मी म्हणालो.

"वास चांगला हाय," ते म्हणाले. "पन फार मऊ. पुढच्या वेळेला कपड्याचा आना."

आमच्या बोटीवर तळ दाखवणारं चांगलं महागाचं यंत्र होतं. खोली किती, खाली चिखल की वाळू की खडक, सगळं पडद्यावर रंगीत दिसायचं. तांडेलांनी त्या पडद्यावर आपला टॉवेल वाळत घातलेला असायचा.

आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. बंदरात जागा मिळेपर्यंत मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहतात. कधी साखळी तुटते, कधी नांगर खाली अडकतो, आणि जहाज नांगर तिथेच सोडून निघून जातं. तो हरवलेला नांगर शोधून वर काढायचा. मी परवाने, बोटी, डायव्हर यांची जुळवाजुळव करणारा, आणि तांडेल प्रत्यक्ष काढणारे. त्यांच्या ओळखपत्रावर 'मरीन सुपरवायझर' असं छापलेलं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. तांडेल म्हणजे शिडाच्या गलबताचा मुख्य माणूस. शिडाचं गलबत चालवणं यांच्या नशिबी कधी आलं नव्हतं. तरी आमचा सौदी मुदीर, म्हणजे मॅनेजरसुद्धा त्यांना अरबी धाटणीत 'या तांदील' अशी हाक मारत असे, कारण दुसऱ्या कशाला ते उत्तरच देत नसत.

मूळचे ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले कोकणी मुसलमान. साठीला टेकलेले, बुटके, रुंद, आणि बोलताना समोरच्याच्या मागे कुठेतरी दूर बघण्याची सवय. मी सांगलीचा, म्हणून मला ते 'घाटावरचे' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

"घाटावरचे, तुमचा नांगर शेतातला. त्याला बैल लागतात. आमच्या नांगराला अक्कल लागते," असं ते नव्या येणाऱ्या प्रत्येकासमोर मला ऐकवत. पहिल्यांदा मी हसलो होतो.

फ्लॅटमधला फ्रीज हा आमच्यातला कायमचा तंटा होता. त्यात माझं दही, माझी भाजी आणि तांडेलांच्या बरण्या असत. बरण्यांत समुद्राच्या तळाची वाळू. कुठे पांढरी, कुठे करडी, कुठे शिंपल्यांचा चुरा. दार उघडलं की भरतीनंतरच्या खाडीचा वास. वाळू फ्रीजमध्ये कशाला ठेवायची, ती काय नासते का, असं मी अनेकदा विचारलं. "वास उडतो," एवढंच उत्तर मिळालं. एकदा वैतागून मी सगळ्या बरण्या बाल्कनीत काढून ठेवल्या. संध्याकाळी त्या परत आत होत्या आणि माझं दही बाल्कनीत होतं.

शुक्रवारी नमाजानंतर ते मला गाडी काढायला लावत आणि आम्ही कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, जात असू. तिथे लोक चटया अंथरून, चहाचे थर्मास घेऊन, पोराबाळांसह बसलेले. तांडेल मात्र दुर्बीण लावून दूरवरच्या जहाजांवर चिडत. "बगा, बगा, वाऱ्याकडे पाठ करून टाकलान. ह्याचा तांडेल कोन?" ते जहाज म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढं, त्याचा कॅप्टन कुठला तरी युरोपातला. पण तांडेलांच्या मते जगात नांगर टाकणं कोणालाच येत नव्हतं. माझ्या पार्किंगलाही ते नावं ठेवत.

पण या सगळ्यापेक्षा माझा जीव मेटाकुटीला आणला तो त्यांच्या दोराने.

आजकाल हरवलेला नांगर शोधायचा म्हणजे बोटीमागे सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ टिपणारं यंत्र, ओढायचा. पडद्यावर आकृती उमटली की डायव्हर उतरवायचा आणि नांगर क्रेनला अडकवायचा. तांडेलांची पद्धत शिडाच्या जहाजांच्या काळातली. दोन बोटी समांतर चालवायच्या, दोघींच्या मध्ये जाड दोर, त्याला वजनं बांधून तो तळावरून फरफटत न्यायचा. कशाला अडकला की दोर ताणतो. मग त्यावर हात ठेवून तांडेल डोळे मिटून सांगणार, खाली काय आहे ते. त्यांचा हात सांगे, 'नांगर'. वर येई एसीचा बाहेरचा डबा. एकदा टायरांची अख्खी माळ आली. एकदा बाथटब आला. तो समुद्रात कसा गेला असेल यावर डायव्हरांनी आठवडाभर चर्चा केली. शेवटी सोनारवाला पोरगा आपल्या खोलीतून बाहेर यायचा आणि मान खाली घालून सांगायचा की नांगर पलीकडे आहे, सकाळीच दिसला होता. आणि नांगर तिथेच मिळायचा.

"बाथटब काढला तो बरा झाला ना?" तांडेल म्हणायचे. "खालचं साफ झालं."

प्रत्येक कामात हे. मी मुदीरकडे तक्रार केली. डिझेल जातं, वेळ जातो, दोन बोटी अडकतात. मुदीर हसून म्हणाला, त्याला अर्धा दिवस दोर ओढू दे, मग तो दिवसभर राबतो, खलास. मग मला वेळापत्रकात 'प्राथमिक तपासणी' अशी खोटी ओळ घालून तांडेलांच्या दोरासाठी जागा ठेवावी लागे.

दोर सोडण्याआधी आणखी एक भानगड असे. तांडेल घरून डब्यात मलिदा करून आणत, तांदळाच्या रोटीचा, गूळ-खोबरं घालून. पाण्याच्या पीराच्या नावाने ते पुटपुटत आणि मग सगळ्यांना वाटत. त्यांच्या गावी होडी पाण्यात लोटताना असं करतात म्हणे. पण हे सौदी अरेबिया. इथे पीर मानणंच निषिद्ध, त्याच्या नावाने काही करणं म्हणजे विस्तवाशी खेळ. एकदा नेमका तेव्हाच कोस्ट गार्डचा जवान तसरीह, म्हणजे आमचा परवाना, तपासायला बोटीवर चढला आणि डब्याकडे बघून विचारता झाला, हे काय. तांडेलांनी शांतपणे त्याच्या हातावर मूठभर मलिदा ठेवला. "केक," ते म्हणाले. जवानाने खाल्ला, आणखी मागितला. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही.

हा माणूस असा का, हे मला कळलं ते एका पाहुण्यामुळे. तांडेलांच्या तालुक्यातले एक गृहस्थ उमऱ्याला आले होते. मक्केहून परतताना ते आमच्याकडे जेवायला थांबले. तांडेलांनी स्वतः मासे तळले होते, भाकऱ्या थापल्या होत्या. गप्पा रंगात आल्या. पाहुण्यांनी गाव विचारलं, मोहल्ला विचारला, घर विचारलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "असं होय. म्हंजे तुमी नांगरविक्यांचे."

तांडेलांनी भाकरी खाली ठेवली. पाहुणे ओशाळले आणि लवकर उठले.

कोकणात घराला नाव पडलं की ते पिढ्यान् पिढ्या जात नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्या नावामागची गोष्ट तांडेलांनी मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितली, तीही मी न विचारता. त्यांचा आजा शिडाच्या गलबतावर तांडेल होता. गलबत गावातल्या एका सावकाराचं. एका सफरीत ते हाजींना घेऊन जेद्द्याला आलं. खलाशीही मक्केला गेले आणि गलबतावर आजा एकटा राहिला. खलाशी परतले तेव्हा गलबत दुसऱ्याच ठिकाणी उभं होतं आणि मोठा नांगर जागेवर नव्हता. घरी पोचल्यावर सावकाराने विचारलं, नांगर कुठे? आजा म्हणाला, "जेद्द्याला राहिला." त्यापुढे मरेपर्यंत एक शब्द नाही.

"खलाशांनी काय सांगितलं?" मी विचारलं.

"ते म्हनाले, नांगर टाकला तेव्हा शिशाला साफ वाळू लागली होती. वाळूत नांगर अडकत नाय. मंग राहिला कसा? विकलान." ते खिडकीबाहेर बघत होते. "त्यानंतर आजाला कोन गलबत देईना. माज्या बापाला शाळेत नांगरविक्या म्हनायचे. मला म्हनायचे. बुबूच्या लग्नात वरमाय म्हनाली, नांगर सांभाळा, घरातून जायचा." बुबू म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती विधवा होऊन माहेरी परतली होती आणि गावचं घर तीच सांभाळत होती. "मी मेलो की माज्या कबरीपाशी पन लोक तेच नाव सांगतील."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साबण, बरण्या, दोर. हा माणूस इतकी वर्षं कंपनीच्या डिझेलवर आपल्या आजाचा नांगर शोधत होता. मला राग आला, हसू आलं, आणि त्यांच्याविषयी वाईटही वाटलं, सगळं एकदमच. मी म्हणालो, एवढ्या वर्षांत बंदर किती वाढलं, किती भराव पडला, नांगर कुठे दगडांखाली गेला असेल.

"असंल," ते म्हणाले. "पन विकला नाय. आजा खानदानी मानूस. आळ आला तरी त्यानं तोंड उघडलं नाय. खरा मानूस खुलासे देत नाय." हे ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. नांगर ओळखायचा कसा हेही त्यांनी सांगितलं. चार फाळांचा लोखंडी नांगर, त्याचा एक फाळ पूर्वी मोडला होता आणि गावच्या लोहाराने त्यावर रुंद पट्टा मारून तो जोडला होता. बुबूला हे वडिलांनी सांगितलेलं पाठ होतं.

त्याच वर्षी त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही असं कंपनीने कळवलं. वय झालं होतं. आता त्यांना कायमचं घरी जायचं होतं. तांडेलांचा हट्टीपणा आधीच काय कमी होता! आता तर ते हाताबाहेरच गेले.

शेवटचं काम एका मालवाहू जहाजाच्या नांगराचं होतं. तसरीहमध्ये जागा आखून दिलेली होती. तिच्या बाहेर प्रवाळाची रांग, तिकडे जायचं नाही, हे मी तांडेलांना समजावलं, नकाशावर दाखवलं, हात जोडून सांगितलं. ते हो म्हणाले. मलिदा वाटला आणि सरळ प्रवाळाकडे निघाले. मी सोनारच्या बोटीवरून वायरलेसवर ओरडतो आहे आणि पलीकडून उत्तर येतं आहे, "आवाज कटतोय, घाटावरचे." दुसऱ्या बोटीवरचा बंगाली चालक बिचारा दोराने त्यांच्याशी बांधलेला, तो काय करणार? मी कपाळाला हात लावून बसलो. सोनारवाल्याने इकडे आखलेल्या जागेत त्या जहाजाचा नांगर शोधूनही काढला.

आणि तिकडे दोर ताणला.

मी पोचलो तेव्हा मलबारी डायव्हर कॅमेरा घेऊन खाली उतरला होता. तांडेलांनी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरचा टॉवेल काढला होता. चित्रात आधी पांढरी वाळू दिसली, अंगणाएवढा तुकडा, आणि मग तिच्या कडेने प्रवाळाचे खडक. त्यातल्या एका कपारीत काहीतरी रुतलं होतं. डायव्हरने हाताने शेवाळ पुसलं. एक फाळ, दुसरा फाळ, आणि त्यावर फुगीर, रुंद पट्टा.

मी तांडेलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तांडेल, सुटलात. आजांनी विकला नव्हता."

मला वाटलं होतं, हे रडतील किंवा शुक्र अदा करतील. ते पडद्याच्या आणखी जवळ गेले. डायव्हरला त्यांनी नांगराचं बूड दाखवायला लावलं, पुन्हा दाखवायला लावलं. मग ते खाली बसले. चेहरा असा पडला की मला वाटलं, छातीत दुखतंय.

"काय झालं?"

"बुडाचा दोर बांदला नव्हतान," ते म्हणाले.

ते मला तुटक तुटक समजावत गेले. प्रवाळावर नांगर टाकायचा तर त्याच्या बुडालाही एक दोर बांधतात. फाळ कपारीत अडकला तर तो दोर ओढायचा, म्हणजे नांगर उलट्या बाजूने सुटून येतो. त्यांच्या गावच्या खाडीत तशी गरज नसते. तिथे सगळीकडे सारखा चिखल, शिसं एकदा टाकलं की सगळा तळ कळला. आजाने इथेही तसंच केलं. शिसं एकदाच टाकलं, ते नेमकं त्या अंगणाएवढ्या वाळूत पडलं, आणि त्याने घरच्यासारखा नांगर सोडला. वारा फिरला, गलबत सरकलं, नांगर कपारीत गेला. एकटा माणूस तो ओढणार कसा? दोर कापण्यावाचून इलाज नव्हता.

"पण तांडेल, इतक्या वर्षांत दोर कुजला असेल. बांधला नव्हता हे कशावरून?" मी त्यांना धीर द्यायला म्हणालो.

"बांदला असता तर नांगर वर आला असता," ते म्हणाले. "हितं कशाला पडला असता?"

तेच पुढे म्हणाले, "खानदानी म्हनून गप्प नव्हता. लाजला. आपल्याला नांगर टाकता आला नाय हे सांगन्यापेक्षा त्यानं चोर म्हनवून घेतलान. आनि आमाला पन म्हनवलंन." त्यांच्या आवाजात जो राग होता तो मी कॉर्निशवर कुठल्याही जहाजाविषयी ऐकला नव्हता.

नांगर वर काढायचा प्रश्नच नव्हता. जुनी वस्तू, सरकारचा ताबा, आणि आम्ही मुळात परवान्याबाहेर. हे सगळं निस्तरताना मला कोस्ट गार्डच्या कचेरीत किती चहा प्यावे लागले ते मी इथे सांगत नाही. चित्रफीत मात्र मोबाईलवर घेतली होती. दुपारी फ्लॅटवर येऊन तांडेलांनी ती बुबूला पाठवली आणि फोन लावला. स्पीकरवर, कारण ते फोन कधी कानाला लावतच नसत.

बुबू आधी रडली. अल्लाचं नाव घेतलं. "आता सगळ्यांना दाखव," ती म्हणाली. "जमातीत दाखव. त्या सावकाराच्या नातवंडांना दाखव."

"दाखवीन. पन बुबू, ते विचारतील, वाळूत अडकला कसा." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, "मंग नको दाखवू."

"का?"

"चोर काय, कोनी पन होतो. गरजेला मानूस करतो. पन एवडा मोठा तांडेल, आनि त्याला नांगर टाकता येत नव्हता? लोक हसतील रे. हाय ते नाव ऱ्हाऊ दे."

तांडेलांनी फोन बंद केला आणि फ्रीज उघडून एकेक बरणी सिंकमध्ये रिकामी करायला लागले. सिंक तुंबला. प्लंबर आला तेव्हा हे नमाजाला निघून गेले होते आणि त्याच्याशी मोडक्या अरबीत हुज्जत मीच घातली.

ते गेले. विमानतळावर सोडतानासुद्धा, मी गाडी कशी तिरकी लावली आहे, हेच बोलत होते. फ्लॅटमध्ये दुसरा माणूस आला, नीटनेटका, आपला साबण वापरणारा. मला त्याचा कंटाळा येतो.

पुढे बऱ्याच दिवसांनी फोन आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. सलाम नाही, दुआ नाही. "सांगितलं मी," ते म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजानंतर उभा ऱ्हायलो. म्हटलं, माजा आजा चोर नव्हता. त्याला जेद्द्याला नांगर टाकता आला नाय. आनि फोन फिरवला सगळ्यांत."

"मग? काय म्हणाले लोक?"

"हसले. पोट धरून हसले. सावकाराचा नातू तर खाली बसला हसून. आता पोरं रस्त्यात विचारतात, तांडेल, शिसं किती वेळा टाकलात?"

"आणि बुबू?"

"जेवन वाढते. बोलत नाय. तिला चोराची नात चालत होती, अडान्याची नाय."

मला त्यांचा नेहमीसारखा वैताग आला. घरच्या बहिणीला दुखवून, गावात हसं करून घेऊन या माणसाने काय मिळवलं? मी तसं स्पष्ट विचारलं, "तांडेल, मग सांगितलंत कशाला?"

"त्यानं सांगितलं नाय म्हनून," ते म्हणाले.